मोडक्या हाताची सायबीण : दुरुस्तीच्या नोंदी

२० सप्टेंबर

गणपती जाऊन तीन दिवस झाले. कारखान्यात अजून ओल्या शाडूचा वास आहे, फळ्यांवर रंगाचे डबे तसेच उघडे. दुपारी आजऱ्याकडून टेम्पो आला. गादीत गुंडाळून काथ्यानं बांधलेली मूर्ती, सोबत फादर आणि त्यांच्या गावच्या एक आजी. आजींनी टेम्पोत मागं बसून सगळी वाट मूर्तीला धरून ठेवलं होतं. उतरल्यावर हात सरळ होईनात.

मूर्ती पीओपीची, साच्यातून काढलेली, पोकळ, आतून किंतान. उंची बैठकीसकट ८४ सेंमी, त्यात बैठक ६. उजवा हात कोपराच्या खाली गेलेला, गंजलेली तार बाहेर आलेली, तिच्याभोवती कुणीतरी सिमेंट थापलंय. डावा हात शाबूत, फक्त दोन बोटांची टोकं नाहीत. अंगावर निळा ऑइल पेंट, एकावर एक कितीदा दिलाय देव जाणे. डोक्यावर मुकुट. डाव्या पावलाखाली काळं डोकं, त्याला दोन शिंगं.

गावात हिला ‘मोडक्या हाताची सायबीण’ म्हणतात. म्हणजे मारिया माता, सैतानाला पायाखाली घेतलेली. मागणी साधी: हात जोडून द्या, निळा रंग नवा द्या, नाताळच्या आधी पोचवा.

मी हो म्हटलं. पण ते डोकं डोक्यातून जाईना. मारियेच्या पायाखाली साप असतो. आजवर मी पाहिलेल्या सगळ्या मूर्तींत सापच आहे.

२१ सप्टेंबर

सगळ्या बाजूंनी फोटो काढले. आबा चहा घेऊन आले आणि बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. आबांनी पन्नास वर्षं मूर्ती केल्यात. म्हणाले, “मूर्ती कुणाची ते तोंडावरनं कळत न्हाई गं. हातात काय हाय ते बघायचं. हिचा हातच न्हाई.”

बरोबर बोलले. आपल्या अंबाबाईचंच बघा. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, वरच्या हातात गदा, डाव्या वरच्या हातात ढाल, खालच्या हातात पानपात्र. चेहरा दागिन्यांत झाकला तरी हातांवरून ओळख पटते. ख्रिस्ती संतांचंही तसंच आहे, हे मला कॉलेजात शिकवलेलं आठवलं. कोकरू असेल तर आग्नेस, तबकात डोळे असतील तर लुसी, चिमट्यात दात असेल तर अपोलोनिया, जवळ बुरूज असेल तर बार्बरा. यातल्या बहुतेक वस्तू त्यांच्या छळाच्या खुणा आहेत. लुसीचे डोळे, अपोलोनियाचे उपटलेले दात. त्या बायका ते हातात घेऊन शांत उभ्या असतात.

२४ सप्टेंबर

रंगाची चाचणी. पीओपीला पाणी लावायचं नाही, जिप्सम थोडं का होईना विरघळतं आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून ॲसिटोन आणि स्पिरिट निम्मं-निम्मं, कापसाचा बोळा, दहा सेकंद, लगेच टर्पेंटाइननं थांबवायचं. जागा निवडली पाठीमागची, झग्याच्या चुणीत, काडेपेटीएवढी.

पहिला बोळा गडद निळा. दुसरा फिका निळा. तिसऱ्यावर मोरपंखी आला, म्हणजे हा तिसरा थर. चौथ्यावर पांढरट प्रायमर. पाचवा बोळा टेकवला आणि थांबले. कापसाच्या टोकाला लाल लागलं होतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं.

झगा मुळात लाल आहे. लाल म्हणजे रक्तसाक्षी, श्रद्धेपायी जीव दिलेली.

पुढं काही केलं नाही. फादरना फोन केला. ते म्हणाले, “सावकाश करा, पण आजींना मी सांगतो.” मी म्हटलं, “अजून नका सांगू.”

३० सप्टेंबर

आठवडा निळा काढण्यात गेला. रोज चार तास, त्याच्या पुढं वासानं डोकं धरतं. बोळे मोजायचं सोडून दिलं. सर्जिकल ब्लेड फक्त चुणींच्या खाचांत.

३ ऑक्टोबर

घट बसले. सकाळी देवळात जाऊन आले, मग दिवसभर शिंगं.

शिंगं मुळातली नाहीत. एपॉक्सी पुट्टीची आहेत, खाली ऑइल पेंटचा थर सापडला, म्हणजे रंग दिल्यावर वरून चिकटवलेली. हेअर ड्रायरनं गरम करून, ब्लेड आडवं सरकवत काढली. डावं सुटायला दीड तास लागला. उजवं निघताना खालचा पीओपीचा तुकडा घेऊन आलं, नखाएवढा. जपून ठेवलाय.

शिंगांच्या खाली मुकुट निघाला. बुटका, पाच टोकांचा, त्यातली दोन टोकं शिंगं बसवायला कानशीनं घासलेली. मग चेहरा साफ केला. काळ्या रंगाखाली गव्हाळ रंग, दाढी, नाकाची धार. आणि तोंड उघडं. दुखून ओरडणाऱ्याचं नव्हे. बोलता बोलता ज्याचा शब्द संपला त्याचं.

हा सैतान नाही, राजा आहे. आता मला खात्री वाटते: ही अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन. पायाखाली सम्राट मॅक्सेंटियस.

४ ऑक्टोबर

तिची गोष्ट इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढचे निर्णय का घेतले ते कळेल.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा काळ, इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. परंपरा सांगते की कॅथरीन मोठ्या घरची, शिकलेली, अठरा वर्षांची. सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. ही दरबारात गेली आणि तोंडावर सांगितलं की हे चूक आहे. त्यानं तिच्याशी वाद घालायला पन्नास विद्वान बोलावले. वादात तेच हरले, आणि तिचं पटलं म्हणून सम्राटानं त्यांना जाळलं. तुरुंगात तिला भेटायला गेलेली राणीसुद्धा तिच्या बाजूची झाली, तिलाही मारलं. मग कॅथरीनसाठी खिळ्यांचं चाक केलं. ते तिला शिवताच फुटलं. शेवटी तलवारीनं मान उतरवली. देवदूतांनी तिला सिनाय पर्वतावर नेलं म्हणतात. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं तिथं बांधलेला मठ आजही तिच्या नावानं ओळखला जातो.

इतिहासात तिचा भक्कम पुरावा मिळत नाही, म्हणून १९६९ मध्ये तिचं नाव रोमन चर्चच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून काढलं होतं. २००२ मध्ये परत घेतलं. फादरनी हे सांगताना अजिबात आडपडदा ठेवला नाही, त्याचं मला बरं वाटलं. शतकानुशतकं लोकांनी एका मुलीला राजासमोर उभं करून बोलायला लावलं, तिला जिंकवलं, आणि ती गोष्ट विसरू दिली नाही. मला एवढं पुरेसं आहे. फ्रान्सची जोन ऑफ आर्क, जिला १४३१ मध्ये जाळलं, तिनं न्यायाधीशांना सांगितलं होतं की मला कॅथरीनचा आवाज ऐकू येतो. एका न शिकलेल्या शेतकऱ्याच्या पोरीला विद्वानांच्या कोर्टात उभं राहायला आधार कुणाचा वाटला, तर वादात जिंकलेल्या मुलीचा.

७ ऑक्टोबर

जुनी स्केचबुकं काढली. कॉलेजच्या सहलीला ओल्ड गोव्यात गेलो होतो. तिथलं से कॅथेड्रल हिलाच वाहिलेलं आहे, हे तेव्हा मी कानाआड केलं होतं. मुख्य वेदीवर सोनेरी कोरीव चौकटींत तिच्याच आयुष्यातले प्रसंग आहेत. पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द आल्बुकेर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतलं तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, कॅथरीनचा सण. म्हणून ती तिथली मोठी संत झाली.

दुसऱ्या पानावर व्हाइसरॉयच्या कमानीचं रेखाटन आहे. वर कोनाड्यात स्त्री, पायाखाली आडवा पडलेला माणूस, त्याच्या अंगावर इथला पोशाख. तेव्हा मी फक्त चुण्या बघत होते. आज ते पान बघून पोटात कसंतरी झालं. राजाला शब्दांनी हरवणारी मुलगी एका राजवटीनं उचलली, आणि तिच्या पायाखाली जिंकलेल्या लोकांना ठेवलं. आमच्या मूर्तीच्या पायाखालच्या डोक्याला कुणीतरी शिंगं लावली, तोही तसलाच प्रकार, फक्त घरगुती. पायाखालचा कोण हे सारखं बदलत राहतं. म्हणून तो मुकुट मी, घासलेल्या दोन टोकांसकट, नीट परत उभा करणार. तो राजाच दिसला पाहिजे.

११ ऑक्टोबर

आज अष्टमी. अंबाबाईची महिषासुरमर्दिनी रूपातली पूजा बांधली होती, दर्शनाची रांग भवानी मंडपाच्याही पलीकडं. आबा आणि मी दोघं गेलो. परत येताना ते म्हणाले, “आपली देवी राक्षस मारती. तुझी ही बाई कुणाला मारती?” कुणालाच नाही, म्हटलं. “मग पाय कशाला ठेवलाय?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

१५ ऑक्टोबर

आज दोन गोष्टी उलगडल्या.

पहिली: बैठकीवर उजव्या पावलापासून दोन बोटांवर सिमेंटनं बुजवलेलं भोक. टोकरून काढल्यावर आत गंज. दुसरी: डाव्या बाजूला ज्याला सगळे खडक समजत होते तो उंचवटा. हिरवा रंग काढल्यावर त्याची बाहेरची कड गोलाईत वर जाताना दिसली. दोरा आणि स्टीलची पट्टी घेऊन मोजलं. जीवा १२ सेंमी, मधोमध खोली १ सेंमी. शाळेतलं भूमितीचं सूत्र कामाला आलं: त्रिज्या साडेअठरा, म्हणजे अख्खं चाक ३७ सेंमीचं.

मग डाव्या हाताकडं बघितलं. तो खाली सोडलेला आहे, तळवा खाली, हवेतच थांबल्यासारखा. गावात म्हणतात सायबीण आशीर्वाद देते. बैठकीपासून तळव्यापर्यंत मोजलं: ३९. वरचे दोन सेंमी म्हणजे चाकाचा खिळा. तिचा हात चाकावर, खिळ्यावर टेकलेला होता.

मी मोजपट्टी खाली ठेवली आणि जरा वेळ स्टुलावर बसून राहिले.

भिंतीवर इटालियन चित्रकार आर्तेमिसिया जेंतिलेस्कीच्या चित्राची प्रिंट लावली. तिनं १६१५ ते १६१७ च्या सुमारास स्वतःलाच कॅथरीन म्हणून रंगवलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीनं २०१८ मध्ये ते ३६ लाख पौंडांना घेतलं. त्यात तिचा एक हात असाच मोडक्या चाकावर आहे, खिळ्याला लागून. १६१२ मध्ये, तिच्यावर बलात्कार करणाऱ्यावर खटला चालू असताना, ती खरं बोलते का हे बघायला कोर्टात तिच्याच बोटांना दोऱ्या बांधून आवळल्या होत्या. चित्रकाराची बोटं. त्यानंतर काही वर्षांत तिनं हा हात रंगवला. मी ती बोटं भिंगाखाली बघते. घट्ट धरलेली नाहीत, घाबरून आखडलेलीही नाहीत.

१८ ऑक्टोबर

फादर आणि आजी आले. निळ्याखालून निघालेला लाल झगा, मुकुट, मोजमापं सगळं दाखवलं आणि सांगितलं की ही मारिया नाही. आजी मूर्तीकडं न बघता माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं आता रडतील.

म्हणाल्या, “मग हिचं फेस्त कधी, बाय?”

२५ नोव्हेंबर, म्हटलं.

“म्हणजे आजवर एकदाही केलं नाही आम्ही.” फादरकडं वळून, “औंदा करायचं.”

नाताळची मुदत एका वाक्यात महिनाभर अलीकडं आली.

२० ऑक्टोबर

फादरच्या चर्चमधल्या तरुण मंडळींचा निरोप: हात करताच आहात तर तलवार उगारलेली करा, कावळा नाक्यावरच्या ताराराणींसारखी. सोबत पुतळ्याचा फोटो.

तो पुतळा मलाही फार आवडतो. लहानपणापासून त्या उधळलेल्या घोड्याखालून जाताना मान वर होते. पण ताराराणींच्या हातातली तलवार त्यांची स्वतःची आहे. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली. कॅथरीनच्या हातातली तलवार तिला मारणाऱ्यांची. ती उगारली तर ती दुसरीच कुणीतरी होईल.

वाद नको म्हणून त्यांना प्रयोग दाखवला. सायकलचा स्पोक बैठकीच्या भोकात उभा केला, थोडा तिरका, आणि खांद्यापासून मोडक्या हाताच्या रेषेत दोरा लावला. दोन्ही जिथं मिळाले तिथं मूठ. व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: “ताई, टोक खालीच होतं की!” मग पाच मिनिटांनी: “मग तशीच करा.”

२६ ऑक्टोबर

गंजलेली तार काढली. हात मोडण्याचं खरं कारण तीच: लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून पीओपी फोडतं. त्याच्या जागी पितळी सळई, चार मिलिमीटर. ठिसूळ झालेल्या भागांत ॲसिटोनमध्ये पाच टक्के पॅरॉलॉइड (पारदर्शक ॲक्रिलिक राळ) ब्रशनं मुरवलं.

हात आधी शाडूत केला. तीनदा मोडला. पहिल्या दोन्ही वेळी मूठ तलवार धरल्यासारखीच होत होती. तलवारीवर नुसता हात टेकलेला हवा होता, म्हातारं माणूस काठीवर टेकतं तसा. शेवटी आबांना दारात काठी घेऊन उभं केलं आणि त्यांचा हात बघून केला. सांधे जरा म्हातारे झाले, ते नंतर कमी केले.

५ नोव्हेंबर

दिवाळीमुळं काम मागं पडलं. आता चाक.

चाक करायचंच का, यावर मी बरेच दिवस अडले होते. संग्रहालयाची मूर्ती असती तर नसतं केलं. पण हिच्यापुढं माणसं गुडघे टेकतात, आणि तिचा तो हात हवेत ठेवून परत पाठवणं मला जमणार नाही. तोडगा असा: चाक आणि तलवार दोन्ही पितळी पिनांवर, कधीही काढता येतील अशी. मूळ पीओपीला गोंदाचा थेंब नाही.

आबांना सांगितलं की चाकावर पोट असणारे सगळे हिला आपली मानतात. चाकं करणारे, सूत कातणारे, आणि कुंभार. आबा म्हणाले, “कुंभारबी?” मग काहीच न बोलता माळ्यावर चढले.

आजोबांचं चाक काढलं त्यांनी. माझ्या आठवणीत ते कधी फिरलेलं नाही. दोन तास धुतलं, तेल घातलं, हळद-कुंकू लावलं, डोकं टेकवलं. मग पीओपी घट्टसर कालवून चाकावर ओतलं आणि पत्र्याचा कापलेला साचा धरून फिरवायला लागले. ओलं पीओपी साच्याखालून साय ओढल्यासारखं निघत होतं, कड हळूहळू गोल येत होती. आळायला दहा-बारा मिनिटंच मिळतात. आबांचा हात एकदाही हलला नाही. खाली उतरवल्यावर अजून ऊन होतं, पीओपी आळताना गरम होतं तसं. त्यांनी गालाला लावून बघितलं.

६ नोव्हेंबर

चाकाला आरे बसवले, खिळे लावले. आता ते मोडायचं होतं, कारण कॅथरीनचं चाक फुटकंच असतं. आबांच्या हातात हातोडी दिली. त्यांनी परत माझ्याकडं सरकवली.

“कुंभारानं चाक मोडायचं नस्तं. तू मोड.”

मी म्हटलं, मीही कुंभाराचीच.

शेवटी करवतीनं आखून उजवीकडचा भाग दोघांनी मिळून कापला आणि कडा कानशीनं फुटल्यासारख्या केल्या. वरचा कंस अख्खा ठेवला, तिच्या हाताखालचा.

१३ नोव्हेंबर

रंग. मूळ लाल जिथं टिकलाय तिथं हात लावला नाही. जिथं गेलाय तिथं आधी लाखेचा पातळ थर, मग बारीक रेषांनी जवळचा लाल, एक छटा फिका. जवळून नवं कळावं, लांबून नाही. पाठीवर काडेपेटीएवढा निळा तुकडा मुद्दाम ठेवलाय. इतकी वर्षं ती त्यांची मारिया होती, तेही तिच्या अंगावर राहायला हवं.

तलवार पितळी पट्टीतून कापली. गुजरीतल्या एका कारागिरानं तिला चांदीचा मुलामा दिला आणि पैसे घेताना विचारलं, “कुठल्या देवीची?” मी गोष्ट सांगितली. त्यानं निम्मेच घेतले.

१९ नोव्हेंबर

डोळ्यांची आखणी आबांनीच करावी असं मला वाटत होतं, पण मूळ डोळे रंगाखाली जवळजवळ सगळे टिकलेले निघाले. खाली बघतात. पायाखालच्या राजाकडं नाही, त्याच्या थोडं पुढं, जिथं माणसं उभी राहतात. फक्त डाव्या पापणीची रेघ दिली.

आबांच्या अष्टमीच्या प्रश्नाचं उत्तर आज मला सापडलं असं वाटतं. तिच्या डाव्या पावलाचा भार त्या डोक्यावर नाहीच. चवडा नुसता टेकलाय, सगळा तोल उजव्या पायावर. साचा करणाऱ्यानं हे विचार करून केलंय. आबांना दाखवलं. वाकून, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “दाबलं न्हाई तिनं.”

२४ नोव्हेंबर

पहाटे निघालो, आठपर्यंत पोचलो. चाक आणि तलवार वेगळ्या खोक्यात, तिथं जाऊन बसवली. चॅपेलात चुना ताजा होता. मूर्ती भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवली, ओल लागायला नको.

सूचना फादरना लिहून दिल्या, पण खरं तर आजींना सांगायच्या होत्या: ओलं फडकं कधीच नाही, मऊ ब्रशनं धूळ, रंग कुणालाही देऊ द्यायचा नाही, आणि मेणबत्ती एक हात लांब.

आजींनी मूर्तीला उजवीकडून, डावीकडून बघितलं. पाठीमागं गेल्या, निळा तुकडा सापडला, त्यावर बोट ठेवलं. काही बोलल्या नाहीत. मग पुढं येऊन मेणबत्त्यांचा जड लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी ओढला, आपला हात खांद्यापासून सरळ करून बोटाचं टोक चाकाला टेकतं का पाहिलं, आणि अजून वीतभर मागं सरकवला.